थंड ठेवायचं औषध

घोरपडेवहिनींना त्यांच्या फ्रीजमधून काय मिळत होतं, याचा हिशेब मी त्या कॉलनीत गेल्यावर आठवड्याभरातच मांडला होता. बर्फ फुकट, गार पाणी फुकट, खालचा कप्पा सगळ्या ओळीला मोकळा. कुणाकडून पैचीही अपेक्षा नाही. पण बर्फ न्यायला आलेल्या बाईला त्यांच्या स्वयंपाकघरात दोन मिनिटं उभं राहावं लागे. तेवढ्यात कुणाचे पाहुणे आले, कुणाच्या सासूला दवाखान्यात नेलं, कुणाकडे गुरुवारीसुद्धा मटण शिजलं, हे सगळं वहिनींना कळायचं. साखर कारखान्याच्या त्या कॉलनीत तेव्हा आमच्या ओळीला फ्रीज एकच. नव्या बातम्यांसाठी वहिनींना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकावं लागत नसे.

त्या दिवशी बातमी घेऊन मी गेले होते.

"काय आणलंस गं?"

"विशूचं औषध. डॉक्टरांनी थंड ठेवायला सांगितलंय."

वहिनींनी बाटली उजेडात धरली. आत गुलाबी, दाट द्रव. पूड पाण्यात कालवून तयार करायचं औषध होतं ते. शकूताईनं पाणी उकळून, गार करून, बाटलीवरच्या रेघेपर्यंत मोजून घातलं होतं आणि मला तीनदा हलवायला लावलं होतं.

"न्युमोनिया म्हणे?"

"हो."

"अगंबाई." वहिनींनी वरच्या कप्प्यातलं विरजण काढून खाली ठेवलं आणि त्या जागी बाटली उभी केली. "ही हिची जागा. इथनं कुणी हलवायची नाही. आणि शकूला सांग, रात्री दोनला लागलं तरी दार वाजव म्हणावं."

मनापासून म्हणाल्या त्या. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं त्यांच्याबद्दल बरंच वाकडं येणार आहे.

शकूताई माझी थोरली बहीण. दिनकरदाजी कारखान्यात उसाच्या गाड्यांच्या वजनकाट्यावर कारकून. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, परीक्षेचा अभ्यास आणि ताईला मदत अशी दोन कारणं सांगून त्यांच्याकडे राहिले होते. त्यातलं एकच खरं होतं, आणि ते अभ्यासाचं नव्हतं. त्यांचा विशू अडीच वर्षांचा. जानेवारीचे दिवस, थंडी कडाक्याची, त्यात गळीत हंगाम, म्हणजे वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि माणसांच्या नाकात चिमणीची काजळी. विशूला आधी साधी सर्दी झाली. मग ताप. मग एका सकाळी तो दूध पिईना आणि त्याचा श्वास धावून आल्यासारखा चालू लागला.

तालुक्याला मुलांचे डॉक्टर होते, मुजावर. तरुण, बोलायला मऊ. त्यांनी विशूचा सदरा वर करून आम्हाला दाखवलं, श्वास घेताना बरगड्यांखाली कातडी कशी आत ओढली जाते ते. "आज थोडी आहे. जास्त दिसली की लगेच आणायचं," म्हणाले. छातीत न्युमोनिया आहे, पण वेळेत आलात, घरी तोंडाने औषध देऊन भागेल. दिवसातून तीनदा, सात दिवस. दाजी पाकिटातून पैसे काढत असताना त्यांनी ताईला थांबवून पुन्हा सांगितलं, "तीन दिवसांत पोरगं खेळायला लागेल. तेव्हाच आया औषध सोडतात. तुम्ही सोडू नका."

ताईनं मान हलवली. तिला राग आला असावा. ती काय तसली आई होती?

पहिले दोन दिवस अगदी घड्याळाबरहुकूम गेले. बाटली आणायची, चमचाभर द्यायचं, बाटली परत नेऊन ठेवायची. हे जाणं-येणं माझं काम. वहिनी दर खेपेला ताप विचारायच्या, आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्या ओळीला माहीत असायचा. ताईला हे आवडत नव्हतं. पण औषध थंड ठेवायचं होतं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. विशू उठून बसला, बिस्किट मागितलं, माझी वेणी ओढली. आणि त्याच दुपारी घोरपडेवहिनींकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं.

ओळीतल्या बारा-पंधरा बायका सतरंजीवर बसलेल्या. वाण म्हणून वहिनी प्लॅस्टिकचे डबे देत होत्या. मोठ्या खुशीत होत्या, आणि खुशीत आल्या की त्यांची जीभ सैल व्हायची. ताई कुंकवाला पुढं झाली तशी त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "हिच्या विशूचा ताप उतरला बरं का. औषध डॉक्टरचं, पण गुण माझ्या फ्रीजचा. फ्रीज नसता तर काय केलं असतंस गं शकू?"

बायका हसल्या. यात काही विष नव्हतं. पण ताई दोन रात्री झोपलेली नव्हती, आणि तीन दिवस आपल्या घरची खबर दुसऱ्याच्या ओट्यावरून वाटली जाताना ऐकत होती. तिळगूळ हातात होता तिच्या. तो पदरात ठेवत ती गोडच आवाजात म्हणाली,

"फ्रीज काय, स्टोअरकीपरच्या घरी जे नसेल ते थोडं. आमच्या ह्यांना नुसत्या काट्यावर बसवलंय, तिथनं उचलायचं म्हटलं तर ऊसच उचलावा लागेल."

आता इथं सांगायला हवं की घोरपडे कारखान्याचे स्टोअरकीपर होते, आणि त्यांच्या फ्रीजच्या पैशांबद्दल कॉलनीत बरंच बोललं जायचं. पण ते त्यांच्या माघारी. त्यांच्याच सतरंजीवर बसून, त्यांच्याच वाणाचा डबा मांडीवर ठेवून ते बोलणारी ताई पहिली. मला तेव्हा काय वाटलं, खरं सांगू? मला वाटलं, वा.

वहिनींनी हातातली कुंकवाची कोयरी खाली ठेवली. "ज्यांना माझा फ्रीज चोरीचा वाटतो," त्या म्हणाल्या, "त्यांनी आपलं सामान घेऊन जावं. आत्ता."

कुणीच उठलं नाही. मग ताई उठली आणि सरळ आपल्या घरी गेली. बाटली मागं राहिली, वरच्या कप्प्यात, तिच्या ठरलेल्या जागी.

संध्याकाळी औषधाची वेळ झाली तशी मी चपला घातल्या. ताईनं दारातच अडवलं.

"कुठं निघालीस?"

"औषध आणायला."

"त्या घरात पाय ठेवायचा नाही. तिला वाटत असेल तर पाठवेल ती. आजारी पोराचं औषध आहे, एवढी माणुसकी असेल तर पाठवेल."

"आणि नाही पाठवलं तर?"

ताईनं विशूकडे पाहिलं. तो पितळी वाटीवर चमचा वाजवत होता. "बघ की," ती म्हणाली, "काय झालंय त्याला? ठणठणीत आहे."

इथंच सगळं ठरलं, असं मला आज वाटतं. पोराला ताप असता तर ती अनवाणी पळत गेली असती, वहिनींच्या पाया पडली असती. पण विशू हसत होता, म्हणून तिला ताठ राहायला मुभा मिळाली. डॉक्टर ज्या दिवसाबद्दल बोलले होते तोच हा दिवस. आम्ही त्याला ओळखलं नाही, कारण त्यानं भांडणाचं सोंग घेतलं होतं.

दाजी रात्री पाळीवरून आले. हातपाय धुता धुता त्यांनी विचारलं, "औषध दिलं का?"

"दिलं," ताई म्हणाली.

एकच शब्द. नाही म्हणायचं तर भांडण सांगावं लागलं असतं, भांडण सांगायचं तर स्टोअरकीपरबद्दल काय बोलली ते सांगावं लागलं असतं, आणि घोरपड्यांच्या सहीशिवाय दाजींच्या खात्याला कागदाचा एक बंडल मिळत नसे. मी भाकऱ्या थापत होते. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. मी बोलणार नाही, हे तिनं गृहीत धरलं होतं, आणि तिचा अंदाज बरोबर होता.

दुसऱ्या दिवशीही दाजींनी विचारलं, दुसऱ्या दिवशीही तिनं दिलं म्हणून सांगितलं. आता ते सोपं झालं होतं.

मी एकदा गेले वहिनींकडे. ताई नळावर गेली होती तेव्हा, मागच्या दारानं. वहिनी तांदूळ निवडत होत्या.

"बाटली द्या ना वहिनी. तिला कळणार नाही."

"मी अडवून धरलीय का?" त्यांनी मान वर केली नाही. "आहे तिथंच आहे. फ्रीज चोरीचा असला तरी औषध चोरलेलं नाही मी. पण तुला नाही देणार. तिला ये म्हणावं. तिनं दारात उभं राहून नुसतं 'वहिनी' म्हटलं तरी देईन."

"पोराचं औषध आहे हो."

"म्हणून तर म्हणते. पोरासाठी आईला चार पावलं चालवत नाहीत?" मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "कसा आहे?"

"खेळतोय."

"मग झालं तर." त्यांच्या चेहऱ्यावर मला सुटल्यासारखं दिसलं. त्यांनाही तेवढंच हवं होतं. विशूच्या हसण्यावर आता दोघी जणी जगत होत्या.

मी परत आले आणि ताईला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती चिडली असती, आणि चिडलेली ताई मला नको होती.

तीन-चार दिवस असेच गेले. मग एका पहाटे विशू कण्हायला लागला. अंगाला हात लावला तर तवा. नाकपुड्या फुलत होत्या, आणि सदरा वर केला तर बरगड्यांखाली खड्डा पडत होता, डॉक्टरांनी दाखवला होता त्याच्या दुप्पट. ओठांभोवती निळसर झाक. दाजी पायजम्यावरच बाहेर धावले, पण कॉलनीत त्या वेळी वाहन कुठलं मिळायला?

कारखान्याची जीप आली. घोरपड्यांनी ड्रायव्हरला उठवून आणली होती, आणि मागच्या बाकावर वहिनी बसलेल्या होत्या, मांडीवर गरम पाण्याची पिशवी आणि दुलई. त्यांनी हात पसरले आणि ताईनं विशूला त्यांच्या मांडीवर दिलं. वाटभर दोघी एकाच दुलईच्या दोन कडा धरून बसल्या होत्या. अबोला तसाच होता, पण त्याचा दम गेला होता.

डॉ. मुजावरांनी प्राणवायू लावला, छातीचा फोटो काढला. एका बाजूचं फुप्फुस पांढरं दिसत होतं. मग ते खाटेशी आले. खाटेच्या एका अंगाला दाजी, दुसऱ्या अंगाला ताई, पायथ्याशी मी, दाराशी वहिनी.

"एक विचारतो, खरं सांगा," ते म्हणाले. "रागावणार नाही. दिलेलं औषध पूर्ण झालं का? मध्ये सोडलं असेल तर तेच औषध आता सुईतून देऊ, साधं आहे, बहुतेक उतरेल. पण पूर्ण देऊनही वाढलं असेल, तर हे जंतू त्याला दाद देत नाहीत असा अर्थ होतो. मग मला जड इंजेक्शनं द्यावी लागतील. म्हणून विचारतो."

ताईनं तोंड उघडलं. मला दिसलं, ती खरं सांगणार होती. मग तिची नजर दाजींवर गेली.

"रोज दिलं हो," दाजी म्हणाले. "मी रोज घरी आल्यावर विचारत होतो. विचारा हिला."

"दिलं," ताई म्हणाली. आवाज इतका बारीक की डॉक्टर पुढं वाकले. "सगळं दिलं."

डॉक्टर क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले. त्यांना संशय आला असणार. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या त्या वयस्क, पोक्त बाईकडे पाहिलं. ही तरी खरं सांगेल, अशा नजरेनं.

आणि घोरपडेवहिनी म्हणाल्या, "माझ्या फ्रीजमध्ये असायची ना बाटली. तिन्ही त्रिकाळ माझ्याकडनंच न्यायची. एक वेळ चुकवली नाही पोरीनं."

ताईनं मान वळवून वहिनींकडे पाहिलं. मग तोंडात पदर कोंबून जी रडायला लागली, ती थांबेना. वहिनी पुढं झाल्या, तिचं डोकं छातीशी धरलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "गप. गप. मी आहे ना." मीही रडले. मला वाटलं, काय मोठ्या मनाची बाई आहे. भर सतरंजीवर जिनं हिच्या नवऱ्याला चोर म्हटलं, तिची अब्रू हिनं तिच्या नवऱ्यासमोर झाकली. कॉलनीतली इतकी भांडणं मी पाहिली, पण असं मिटलेलं भांडण पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी नर्सला जड इंजेक्शनं काढायला सांगितली.

दिवसातून दोनदा सुई, दोन आठवडे. विशूच्या मांड्या दगडासारख्या झाल्या. वहिनी रोज डबा घेऊन यायच्या, ताईला झोपायला लावून स्वतः खाटेशी बसायच्या. हळूहळू श्वासाचा वेग खाली आला, निळं गेलं, एके दिवशी त्यानं माझी वेणी ओढली. डॉक्टर म्हणाले, वाचला. दाजींनी सगळ्या वॉर्डाला पेढे वाटले.

घरी आल्यावर वहिनींनी ताईला आणि मला बोलावलं. फ्रीजमधून बाटली काढली, अर्ध्याच्या वर भरलेली, आणि आमच्या देखत मोरीत ओतली. वरून तांब्याभर पाणी.

"संपलं," त्या म्हणाल्या. "आता यावर बोलायचं नाही."

आम्ही बोललो नाही. या बाबतीत तिघी शब्दाला पक्क्या निघालो.

विशू चार वर्षांचा झाला तेव्हा साखरेला 'आखर' म्हणायचा. लाडानं बोलतो, असं आम्ही म्हणायचो. शिटी वाजवली की बघायचा नाही. चिमण्या दाखवल्या की दिसायच्या, पण त्या ओरडतात हे त्याला माहीत नव्हतं. कारखान्याचा भोंगा मात्र त्याला नीट ऐकू यायचा, ट्रकचा आवाज यायचा, दाजींची जाड हाक यायची, त्यामुळे कान चांगले आहेत यात कुणाला शंका नव्हती. बालवाडीच्या बाईंनी सांगितलं, पाठमोरा असला की हा ऐकत नाही. बाईंचा आवाज बारीक होता.

मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही बरोबर होते. बारीक आवाज ओळखणारी कानातली नस गेलीय, म्हणाले, दोन्हीकडची. परत येत नाही. मोठं काही दुखणं, काही जड इंजेक्शनं झाली होती का? दाजींनी सगळं सांगितलं.

"ती इंजेक्शनं कधी कधी कानाला लागतात," डॉक्टर म्हणाले. "त्यानंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. पण बहुधा." दाजींचा चेहरा पाहून त्यांनी समजुतीच्या सुरात पुढं सांगितलं, "त्या डॉक्टरांना दोष देऊ नका. साधं औषध पूर्ण देऊन गुण आला नाही म्हटल्यावर त्यांच्या हातात दुसरं काय होतं? पूर्ण दिलं होतं ना?"

"पूर्ण," दाजी म्हणाले. अभिमानानं म्हणाले. "हिनं एक वेळ चुकवली नाही. शेजारची बाई साक्षीला आहे."

ताई विशूच्या सदऱ्याचं वरचं बटण लावत होती. ते लागलेलंच होतं. तिनं ते काढलं आणि पुन्हा लावलं. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही, आणि मी भिंतीवरचं कानाचं रंगीत चित्र वाचत उभी राहिले.

पुढं मी पतसंस्थेत नोकरी केली, पस्तीस वर्षं. कुणाचं देणं कुणाच्या नावावर चढतं, हे पाहण्यात हयात गेली. आता तो जुना हिशेब एकदा मांडून टाकते. शकूताईची नवऱ्यापुढची मान ताठ राहिली, ती अखेरपर्यंत. घोरपडेवहिनींना मैत्रीण मिळाली, पुढची वीस वर्षं त्या दोघींनी एकमेकींशिवाय पापड लाटले नाहीत. दाजींना आपण दक्ष बाप असल्याचं समाधान मिळालं. मला बहिणीचं घर मिळालं, हक्काचं, कधीही जावं असं.

आणि विशू. दोन्ही कानांना यंत्रं लावून तो शिकला, चांगला शिकला. लग्न झालं, मुलगी झाली. मुलगी तान्ही असताना रडली की बायको त्याला हात लावून उठवायची. त्याला लहानपणापासून एकच गोष्ट ऐकवली गेली, की तू मरायला टेकला होतास, घोरपडेआजीनं जीप आणली, मांडीवर घेऊन नेलं, म्हणून तू आहेस. गोष्ट खरी आहे, त्यातला शब्दही खोटा नाही. वहिनी गेल्या त्या वर्षापर्यंत तो दर दिवाळीला त्यांच्याकडे लुगडं घेऊन जायचा आणि पायावर डोकं ठेवायचा. त्या डोळे मिटून घ्यायच्या. ताई दाराशी उभी असायची, मी तिच्या मागं.

म्हणजे त्यानं दोनदा भरलं. एकदा अडीच वर्षांचा असताना, आणि मग दर दिवाळीला. आमच्या तिघींपैकी कुणीही एक पैसा भरलेला नाही.